कार्पेटखालचं गुप्तधन

जुनं कार्पेट काढून नवी जमीन कशी घालावी, याचे व्हिडिओ मी एके काळी जेवताना बघत असे. त्या सगळ्यांत पहिल्या अर्ध्या मिनिटात कार्पेट जातं. एक दणकट माणूस कोपऱ्यात वाकतो, कार्पेटचं टोक धरून खस्सकन ओढतो, मागचं संगीत बदलतं, आणि पुढच्या दृश्यात खोली रिकामी, स्वच्छ, सपाट. उरलेली वीस मिनिटं तो शीळ घालत फळीला फळी जोडत बसतो. माझं भांडण या माणसाशी आहे. संगीत बदललं तेव्हा नेमकं काय काय झालं, कोणी केलं, त्याची कंबर आता कशी आहे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आमचं घर न्यू जर्सीतलं, १९६८ सालचं. इकडे ज्याला बाय-लेव्हल म्हणतात त्या जातीचं, म्हणजे दारातून आत आलं की अर्धा जिना वर नाहीतर अर्धा जिना खाली; सरळ असं कुठे जाताच येत नाही. वर दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या, खाली बैठकीची मोठी खोली, आणि सगळीकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट. घर घेतलं तेव्हाच्या कागदपत्रांत त्याचा रंग 'मश्रूम' असा लिहिला होता. आमच्या ताब्यात आल्यावर त्यात हळदीची बेटं तयार झाली. आमटी सांडली की थंड पाणी, सोडा, व्हिनेगर, सगळे उपाय व्हायचे, आणि डाग तेवढा रुंद व्हायचा. कार्पेट आणि फोडणी एका घरात नांदू शकत नाहीत, हे अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. फक्त बोलत कोणी नाही.

बोलली ती आई. सहा महिन्यांसाठी आली होती. आल्या आल्या चप्पल काढून तिने कार्पेटवर पाऊल ठेवलं आणि विचारलं, "हे धुता कसं?"

"धूत नाही गं, व्हॅक्यूम करतो."

"म्हणजे पुसत नाही?"

"पुसता येत नाही."

शहाबादी फरशीवर रोज ओलं फडकं मारण्यात जिची हयात गेली, तिने यावर काहीही न बोलता पुन्हा चप्पल घातली. त्या रात्रीच बायकोने जाहीर केलं की कार्पेट जाणार.

हे कार्पेट मुळात अमेरिकेच्या पायाखाली आलं कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण शिव्या देताना पत्ता माहीत असलेला बरा. जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. तिथे १८९५ च्या सुमारास कॅथरीन इव्हान्स नावाच्या एका पोरसवदा मुलीने दोऱ्याचे गोंडे वर काढलेली एक चादर हाताने शिवली. चादरी खपू लागल्या, घरोघरी बायका तेच काम करू लागल्या, पुढे यंत्रं आली, यंत्रं रुंद झाली, नायलॉन आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गोंड्यांनी अख्ख्या देशाची जमीन झाकून टाकली. डाल्टन आज स्वतःला जगाची कार्पेटची राजधानी म्हणवून घेतं. त्या मुलीबद्दल मला आदर आहे. पण चादरीवरच थांबली असती तर माझे गुडघे वाचले असते.

आता गुप्तधनाची गोष्ट. कार्पेट काढणार असं महाराष्ट्र मंडळात कळलं, आणि प्रत्येकाला असा एक माणूस आठवला, की ज्याच्या कार्पेटखाली ओकची अस्सल लाकडी जमीन निघाली होती. "नुसतं पॉलिश केलं, चकाचक!" ही माणसं सगळ्यांना ऐकून माहीत असतात, भेटलेली कोणालाच नसतात. तरी माझी झोप उडाली. कार्पेट न फाडता खाली काय आहे ते बघायची एक युक्ती आहे: गरम हवा येते ती जमिनीतली जाळी उचलायची आणि भोकाच्या कडेला टॉर्च मारायचा. जमिनीचे सगळे थर तिथे कापलेले दिसतात. रात्री दीड वाजता मी पालथा पडून टॉर्च मारला. वर मश्रूम, मध्ये फोम, खाली प्लायवूड. साठच्या दशकापर्यंत घरं बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की वर कार्पेटच घालायचं तर खाली ओक कशाला?

"काय निघालं?" बायकोने झोपेत विचारलं.

"प्लायवूड."

"झोप मग."

कार्पेट काढण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पाठीकडून सुरीने हात-दीड हात रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, गुंडाळायच्या, दोरीने बांधायच्या. आमच्या नगरपालिकेला गुंडाळी चार फुटांहून लांब चालत नाही. एकेक गुंडाळी उचलताना लक्षात आलं, की कार्पेटबरोबर आपण त्यातली पन्नास वर्षांची धूळही उचलतोय. खाली राहिली ती वेगळीच. अगदी मऊ, वस्त्रगाळ रेती, सगळ्या खोलीभर सारखी पसरलेली. दर आठवड्याला दोनदा व्हॅक्यूम करणाऱ्या बायकोने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "ही आधीच्या मालकांची आहे."

त्याखाली फोमची गादी. रंगीबेरंगी चुऱ्याची थापून केलेली, मूळची मऊ. जिथे माणसांची ये-जा जास्त तिथे ती कडक होऊन प्लायवूडला चिकटलेली, जिथे कमी तिथे हात लावताच भुगा. ती निघाली, खरवडली, आणि भिंतीलगतच्या पट्ट्या उघड्या पडल्या.

या पट्ट्यांचं तोंड व्हिडिओत कधी दिसत नाही. दोन बोटं रुंद लाकडी पट्टी, चारी भिंतींच्या कडेने ठोकलेली, आणि तिच्यातून वर आलेली बारीक खिळ्यांची रांग, सगळ्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली. ताणलेलं कार्पेट त्यांच्यात अडकून राहतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या मऊ मऊ गोष्टीवर लोळत होतो, तिच्या काठावर भीष्मांची सोय करून ठेवली होती. शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा राहतात. त्यांनी मला हातभर लांबीची चपटी पहार आणून दिली, पहारीचं पिल्लूच ते, आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या दिल्या. म्हणाले, "पहार दे परत, गाद्या ठेव. तुला लागतील." पट्टीखाली पहार सरकवायची, हातोड्याने ठोकायची, उचलायची. पट्टी सरळ उठत नाही. तिचे ढलपे उडतात, खिळे जागेवर राहतात, आणि मग प्रत्येक खिळा स्वतंत्र देशासारखी वाटाघाट मागतो. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. दर पाच मिनिटांनी तिचा एकच प्रश्न: "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंयस ना?" घेतलं होतं. दहा वर्षं पुरतं. तिचा त्या दहा वर्षांवर विश्वास नव्हता.

आणि मग स्टेपल.

फोमची गादी हलू नये म्हणून ज्याने कोणी १९६८ साली, किंवा मधल्या कुठल्याशा सालात, ती प्लायवूडला स्टेपल केली, त्याला त्या दिवशी पगार नगावर मिळत असावा. शिवणीवर दोन-दोन बोटांवर स्टेपल. जिथे शिवण नाही तिथेही स्टेपल. एका कोपऱ्यात नुसतीच मूठभर स्टेपल, बहुधा यंत्र चालतंय का ते बघायला मारलेली. फोम ओढला की तो निघून येतो आणि त्याचा एक बारीक तुकडा दातांत धरून स्टेपल मात्र तिथेच राहतं. वर राहिलेलं स्टेपल नव्या फळीखाली आलं तर फळी डुगडुगते किंवा टचकन आवाज करते, म्हणून एकही सोडून चालत नाही. पेचकस घालून एक पाय उचकटायचा, पक्कडीने धरायचं, मनगट फिरवायचं. अर्धी स्टेपल मधेच तुटतात. मग उरलेला पाय ठोकून आत घालायचा. हे बसून होत नाही, उभ्याने होत नाही, वाकून तर नाहीच. हे रांगत होतं. आमच्या घरात रांगणारं माणूस पुष्कळ वर्षांनी दिसल्यामुळे आईने मोबाइलवर व्हिडिओ काढून साताऱ्याला मामाला पाठवला.

"संपलं" असं वाटलं की आजोबांनी सांगितलेली परीक्षा घ्यायची. रुंद पात्याची, पुट्टी लावायची पट्टी जमिनीवर आडवी धरायची आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची. कुठे काही राहिलं असेल तर टिक् असा आवाज येतो. मी ओढायला लागलो. टिक्. टिक् टिक्. टिक्. शेजारच्या खोलीत झूमवर असलेली बायको म्हणाली, "घड्याळ कसलं वाजतंय?"

चिरंजीव इतका वेळ कुठे होते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ते आपल्या खोलीत व्हिडिओ बघून अभ्यास करत होते. फळ्या आपण घालणार, हे त्यांनी आधीच आरक्षित करून ठेवलं होतं.

स्टेपल संपता संपता खिडकीखालचा डाग सापडला. प्लायवूडवर परातीएवढा काळपट गोल. आधीच्या मालकांकडे कुत्रा होता हे आम्हाला माहीत होतं, पण त्याची आवडती जागा आत्ता कळली. कार्पेट होतं तोवर वास दबून होता. उघड्या लाकडाला उन्हं लागली आणि कुत्रा घरात परत आला. यावर साबण चालत नाही, व्हिनेगर चालत नाही. चालतो तो लाखेचा प्रायमर. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली लाख, तिचे दोन हात दिले की वास लाकडात कायमचा कोंडला जातो. लाख म्हणजे आपलीच, पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरच्या किड्यांची. भारतात ती सर्वांत जास्त झारखंडात होते, आणि रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. झारखंडातल्या किड्यांनी सात समुद्र ओलांडून न्यू जर्सीतल्या एका दिवंगत कुत्र्याचा बंदोबस्त केला, याचा मला का कोण जाणे अभिमान वाटला. लाख लावतोय असं ऐकल्यावर आईने ताबडतोब देवघरातली समई विझवली. "पांडवांचं माहितीय ना?" म्हणाली. तिचं बरोबर होतं. डब्यावरही तेच लिहिलं होतं, पांडवांचा उल्लेख वगळून.

मग कुरकुर. जुन्या घरांत प्लायवूड खालच्या तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेलं असतं. लाकूड सुकत जातं, खिळ्याची पकड सैल होते, आणि पाय पडला की फळी खिळ्यावर वरखाली होऊन कर्र करते. नवी जमीन घातल्यावर हे दुरुस्त करता येत नाही, म्हणून आत्ताच सगळीकडे फिरून जिथे आवाज तिथे तुळईत स्क्रू पिळायचा. तुळया १६ इंचांवर असतात. जुन्या खिळ्यांची रांग दिसली की खाली तुळई आहे हे कळतं. यासाठी दोन माणसं लागतात, एक चालणारं आणि एक स्क्रू मारणारं. चालण्याचं काम आईने घेतलं. ती खोलीभर शतपावली घालायची, आवाज आला की थांबून "इथं" म्हणायची, आणि मी तिच्या पायाशी. लांबून बघणाऱ्याला हा मातृभक्तीचा प्रसंग वाटला असता.

जिन्याजवळच्या फळीपाशी मात्र बायकोने हात वर केला. "ती राहू दे."

"का?"

ती काही बोलली नाही, नुसतं चिरंजीवांच्या खोलीकडे पाहिलं. रात्री अकरानंतर घरी कोण किती वाजता आलं, हे आम्हाला इतकी वर्षं ती एकच फळी सांगत आली होती. शेवटी जमिनीच्या हितासाठी तिथेही स्क्रू मारला. चिरंजीव त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आले आणि चहा करून देऊ का म्हणाले.

एवढं झाल्यावर जमीन तयार झाली असं कोणालाही वाटेल. मग मी सहा फुटी सरळ पट्टी आडवी ठेवली. खटक्याने जोडायच्या व्हिनाइल फळ्यांच्या खोक्यांवर साधारण अशी अट असते: दहा फुटांत ३/१६ इंचापेक्षा जास्त खालीवर नको. म्हणजे तीन मीटरमध्ये पाच मिलिमीटर. गंमत अशी की उतार चालतो. अख्खी खोली एका बाजूला कललेली असली तरी फळ्यांना काही वाटत नाही. त्यांना खड्डा आणि उंचवटा चालत नाही, कारण अधांतरी फळीवर पाय पडला की खटका तुटतो. आमच्या दिवाणखान्यात उतारही होता, खड्डाही होता आणि प्लायवूडच्या सांध्यांवर फुगवटेही. आईने कमरेची चंची सोडून एक सुपारी काढली आणि खिडकीपाशी सोडली. सुपारी निघाली, मध्ये रेंगाळली, विचार बदलला, आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

"जमीन वाकडी आहे," मी म्हणालो.

"नाचता येईना," आई म्हणाली.

मी तिला पट्टीखालून पलीकडचा उजेड दाखवला. तिने वाकून पाहिला आणि माझ्या पिढीत प्रथमच एका म्हणीचा उत्तरार्ध पुराव्यानिशी सिद्ध झाला. अंगण खरोखर वाकडं होतं.

फुगवटे घासून काढले. खड्ड्यांसाठी एक पावडर मिळते. पाण्यात कालवून ओतली की आपोआप पसरून सपाट होते, असा तिचा लौकिक. लाकडावर ओतायची वेगळी, तंतू मिसळलेली. आधी प्लायवूडला प्रायमर, नाहीतर लाकूडच पाणी पिऊन टाकतं. सगळ्या फटी आणि जाळीची भोकं बंद, नाहीतर हा मालमसाला खालच्या मजल्यावर उतरून तिथे सपाट होतो. पिशवी पन्नास पौंडांची, तिला पाणी किती ते पिशवीवरच छापलेलं, आणि कालवल्यापासून हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं.

बादली, ड्रिलला लावलेली रवी, मापाचं भांडं असा जामानिमा मांडला आणि आईने बादलीत डोकावून पाहिलं. तिच्या दृष्टीने ते घावनाचं पीठ होतं आणि ते दाट होतं.

"अजून पाणी घाल."

"नाही गं. माप आहे."

"पसरणार नाही ते. दिसतंय ना."

"जास्त पाणी झालं तर ठिसूळ होतं. वर लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने कधी घावन घातलंय का?"

इथे दोन संस्कृतींचा सामना होता आणि घड्याळ चालू होतं. ज्या घरात मीठ, साखर, पाहुणे आणि आयुष्य सगळं अंदाजाने चालत आलं, त्या घरातला मी मापाच्या भांड्याला धरून उभा होतो. मी ओतलं. ते थोडं पसरलं आणि आईकडे बघून थांबलं. दातेरी थापीने जरा ओढलं, तसं पुढे सरकलं, कडा मिटल्या, वरचे बुडबुडे फुटले, आणि हळूहळू आरशासारखं सपाट झालं. आई तेवढ्यावर हरायला तयार नव्हती. "उलथनं लागलंच की शेवटी," म्हणाली.

राहिली खालची मोठी खोली. तिथे कार्पेटखाली प्लायवूड नव्हतं, काँक्रीट होतं, आणि काँक्रीटवर गडद हिरव्या चौकोनी टाइल्स. मी हौसेने टेप लावला: ९ इंच बाय ९ इंच. सुतार आजोबा दारातच थांबले. त्या काळातल्या ९ इंची टाइल्समध्ये, आणि त्यांच्याखालच्या काळ्या डिंकातही, अॅस्बेस्टॉस, म्हणजे ज्याची धूळ फुप्फुसात गेली तर जीवघेणी ठरते असं खनिज, असण्याची शक्यता बरीच. नुसतं बघून कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. घासायचं नाही, फोडायचं नाही, खरवडायचं तर अजिबात नाही, कारण धोका टाइलमध्ये नसतो, तिच्या धुळीत असतो.

आईला यातलं काहीच पटेना. आमच्या गोठ्यावर तेच सिमेंटचे पत्रे होते, माझ्या प्राथमिक शाळेवरही होते. भारतात ते आजही विकले जातात. अमेरिकेचंही फार ऐटीत सांगण्यासारखं नाही. १९८९ साली इथे सरकारने बंदी आणली, १९९१ साली कोर्टाने तिचा बराचसा भाग उडवून लावला, आणि क्रिसोटाइल नावाच्या प्रकारावर बंदी घालणारा नियम यायला २०२४ उजाडलं. ब्रिजवॉटरच्या वेंकटेश्वर मंदिराला आम्ही कितीदा तरी जातो. त्याच्या जवळच मॅनव्हिल नावाचं गाव आहे. त्या गावाचं नावच तिथल्या अॅस्बेस्टॉसच्या जुन्या कारखान्यावरून पडलेलं. बालाजीच्या इतक्या शेजारी हे आहे, हे मला टाइल्स निघेपर्यंत माहीत नव्हतं.

परवानाधारक माणूस आला, नमुना घेऊन गेला, अहवाल आला: आहे. मग त्याने सल्ला दिला. टाइल्स धड आहेत, कुठे उचकटलेल्या नाहीत, तेव्हा त्यांना हात लावू नका, वरून नवी जमीन न ठोकता, न चिकटवता नुसती अंथरा. म्हणजे काहीही करू नका. हे सांगण्याचे त्याने व्यवस्थित पैसे घेतले, आणि सांगतो, या सगळ्या प्रकरणात मी इतक्या आनंदाने दुसरं बिल भरलेलं नाही. भिंतीलगतच्या पट्ट्या तिथे खिळ्यांऐवजी डिंकाने चिकटवल्या होत्या आणि तो डिंक टाइलला न दुखवता सुटला, हे माझं नशीब.

धुण्याच्या मशिनशेजारी थोडं उघडं काँक्रीट होतं. तिथे ओल बघायला प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला. सोळा तासांनी उचलून बघायचा, खाली दव दिसलं तर ओल आहे. आईने न उचलताच हात ठेवून सांगितलं, "कोरडं आहे." सोळा तासांनी मी उचलला. कोरडं होतं. आम्ही तो विषय काढत नाही.

फळ्यांची खोकी आली तीही लगेच उघडायची नसतात. खोलीच्या हवेची सवय व्हायला ती ४८ तास आडवी ठेवायची. माणसाला या देशाच्या हवेची सवय व्हायला कोणी दोन दिवस दिले होते? आम्ही विमानतळावरून थेट बर्फात. असो. त्या ४८ तासांत आलेल्या पाहुण्यांना खोक्यांवर बसवलं, चहा दिला, उघडी जमीन दाखवली. कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अजून सुरुवात नाही का केली?" असं विचारून गेले.

मग शनिवारी सकाळी चिरंजीव शीळ घालत खोलीबाहेर आले. भिंतीपासून पाव इंच फट सोडायला लाकडाचे तुकडे लावले, पहिली रांग टाकली, आणि संध्याकाळपर्यंत दिवाणखाना झाला. एकही फळी हलली नाही, कुठे टिक् नाही, कुठे कर्र नाही. बायकोने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला: "आमच्या लेकाने एका दिवसात जमीन घातली!" खाली चाळीसएक अंगठे. साताऱ्याहून मामाचा खास संदेश: "पोरगं हुशार आहे. बापासारखं रांगत बसलं नाही."

त्याच फोटोवरून मंडळातल्या एका मित्राचा फोन आला. त्यालाही कार्पेट काढायचं होतं. पक्कड आहे का तुझ्याकडे, म्हणाला, या शनिवार-रविवारात उरकूनच टाकतो. मी त्याला घरी बोलावलं, चहा दिला, पक्कड, पहारीचं पिल्लू आणि गुडघ्यांच्या गाद्या समोर मांडल्या, आणि टॉर्चपासून सुरुवात केली. स्टेपलपर्यंत तो मधेमधे "हो का?" म्हणत होता. घावनाच्या पिठाशी त्याने म्हणणं बंद केलं. टाइल्सशी तो उठला.

"तुझं घर कितव्या सालचं?" मी विचारलं.

"एकाहत्तर," तो म्हणाला, आणि सगळी हत्यारं तिथेच ठेवून बायकोला फोन लावत दाराकडे गेला. "ऐक," तो तिला सांगत होता, "तो कार्पेट शँपू करून देणारा माणूस, त्याचा नंबर डिलीट नाही ना केलास?"